गजांआडची बाराखडी

कारागृहाच्या दारातून आत जाणाऱ्या माणसाची आधी नोंद होते. नाव, वडिलांचे नाव, गाव, वय, अंगावरची खूण, गुन्ह्याचे कलम आणि या सर्वांखाली स्वाक्षरी. स्वाक्षरी येत नसेल तर अंगठा. पुढे वकील मिळाला की वकालतनाम्यावर अंगठा, जामिनाच्या कागदावर अंगठा, घरून आलेल्या पैशांच्या नोंदीवर अंगठा. कोणत्या कागदाखाली कशासाठी अंगठा उमटवला, हे शेजारचा बंदी सांगेल तेव्हा त्याला कळते. आणि शेजारच्याने खरे सांगितले की खोटे, हे बहुधा कळतच नाही. घरचे पत्र आले तर ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. उत्तरही दुसऱ्याच्या हातून लिहायचे, म्हणजे बायकोला जे सांगायचे ते आधी बराकीला सांगायचे.

हे चित्र एखाद्या कादंबरीतले नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१९ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ४,७८,६०० बंदी होते. त्यांपैकी १,३२,७२९ निरक्षर होते आणि १,९८,८७२ जणांचे शिक्षण दहावीच्या आत थांबलेले होते. दोन्ही आकडे एकत्र केले तर शंभरातील जवळपास सत्तर माणसे होतात. देशातील शाळांनी ज्यांना गमावले, त्यांतले बरेचसे अखेर या भिंतींच्या आत सापडतात. यावरून गरीब आणि अशिक्षित माणूसच गुन्हा करतो असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. ज्याला चांगला वकील करता येतो, जामीनदार उभा करता येतो, तो आत फार काळ राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ अधिक खरा आहे.

कारागृहातील शिक्षणाविषयी वृत्तपत्रांत वर्षातून एक-दोनदा बातमी येते. अमुक मध्यवर्ती कारागृहातील जन्मठेपेच्या बंद्याने पदवी मिळवली, तमुकाने एम. ए. केले. सोबत छायाचित्र, अधिकाऱ्यांचे कौतुक. हे कौतुक रास्त आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे राज्यातील काही मोठ्या कारागृहांत चालतात. इंदिरा गांधी विद्यापीठाने बंद्यांचे शुल्कही माफ केलेले आहे. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्या शिक्षाबंद्याला महाराष्ट्रात शिक्षेत ९० दिवसांची विशेष सूट मिळू शकते. अनेकांनी ती मिळवलीही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दिवसभर सुतारकामाच्या विभागात काम करायचे आणि रात्री बराकीतील गलबल्यात इतिहासाची टिपणे काढायची, ही गोष्ट सोपी नाही.

परंतु या व्यवस्थेचा लाभ कोणाला होतो, हे नीट पाहिले पाहिजे. ज्याला दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आहे, जो आधीच दहावी-बारावीपर्यंत शिकलेला आहे, आणि जो मोठ्या कारागृहात आहे, त्याला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करण्याइतकी 'सवड' त्यालाच असते! सूटही शिक्षेतून मिळते. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला सूट कशातून द्यायची? आणि देशातील कारागृहांत बहुसंख्य आहेत ते शिक्षा न झालेले. २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे चारांतील तीन. कायद्याच्या दृष्टीने ही माणसे निर्दोष आहेत. त्यांच्यापैकी कोणी महिन्याने सुटेल, कोणी चार वर्षांनी. केव्हा, ते कोणीच सांगू शकत नाही. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही, त्यामुळे दिवसभर काम नाही आणि कामाअभावी मजुरीही नाही. सकाळी बराक उघडते, मोजदाद होते, संध्याकाळी दिवस मावळायच्या सुमारास पुन्हा बंदी होते. मधल्या वेळेत बसून राहायचे.

या रिकाम्या वेळात शिक्षण होत नाही असे मात्र कोणी समजू नये. शिक्षण अखंड चालूच असते. किरकोळ चोरीसाठी आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा बराकीत ज्यांच्या शेजारी झोपतो त्यांच्याकडून बरेच काही शिकतो. कुलूप कसे उघडावे, माल कोणाकडे द्यावा, कोणता वकील 'चालतो', बाहेर पडल्यावर कोणाला भेटावे. टोळ्यांचे म्होरके असे तरुण हेरतात, त्यांना साबण, विडी, घरी फोन अशा लहानसहान गोष्टी पुरवतात आणि कायमचे बांधून घेतात. देशविघातक विचारांचे लोकही हेच करतात, आणि ते अधिक शिस्तीने करतात. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता हजाराच्या आत असताना तेथे अनेक वर्षे तीन-तीन हजार माणसे कोंबलेली राहिली आहेत. अशा गर्दीत सराईत आणि नवखा यांना वेगळे ठेवण्याचे नियम कागदावरच राहतात. म्हणून कारागृहात शिक्षण असावे की नसावे, या चर्चेला मुळातच अर्थ नाही. तेथे शिक्षक कोण असावा, एवढाच विचार समाजाच्या हाती आहे.

मंडाले, धुळे आणि अंदमान

कारागृह आणि विद्या यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. लोकमान्यांनी १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे मंडालेत काढली. तेथे त्यांनी जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढले. तेही शिसपेनने, कारण शाई मिळत नव्हती. वह्यांची पानेही मोजून दिलेली असत. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' आज घराघरांत आहेत. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. आणीबाणीत येरवडा, नाशिक रोड आदी कारागृहांत स्थानबद्ध झालेल्या शेकडो कार्यकर्त्यांनीही तेथला वेळ वाया जाऊ दिला नाही. बौद्धिक वर्ग, ग्रंथवाचन, भाषांचा अभ्यास यांच्या आठवणी त्या पिढीतील कितीतरी जणांनी पुढे लिहिल्या आहेत.

या परंपरेचा अभिमान सार्थच आहे. मात्र त्यात एक गोष्ट सहज निसटून जाते. ही सर्व मंडळी कारागृहात गेली तीच मुळी विद्या घेऊन. एकांत मिळाला, त्याचे त्यांनी सोने केले. त्याच कारागृहाच्या पलीकडच्या बराकीत जो कोंबडीचोर किंवा बांधावरच्या भांडणात कुऱ्हाड उचललेला शेतकरी होता, त्याला अक्षर आले का? आणीबाणीतील कार्यकर्त्यांनी लिहिलेल्या आठवणींतही तो दिसतो तो बहुधा पाणी भरताना किंवा स्वयंपाकघरात राबताना. त्या काळात कारागृह आतून पाहिलेल्या मंडळींपैकी अनेक जण पुढे सत्तेच्या आणि संस्थांच्या मोठ्या पदांवर पोहोचले. त्या शेजारच्या बराकीचा प्रश्न मात्र तेथेच राहिला.

अंदमानचे उदाहरण म्हणूनच वेगळे आहे. ४ जुलै १९११ रोजी सावरकर पोर्ट ब्लेअरला उतरले. कोलू, काथ्याकूट, दंडाबेडी हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. भिंतीवर काट्याने लिहिलेली आणि मुखोद्गत केलेली कविताही ठाऊक असते. 'माझी जन्मठेप'मधील आणखी एका हकिकतीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. सेल्युलर जेलमध्ये राजबंदी थोडे. बाकीचे खून, दरोडे अशा गुन्ह्यांत काळ्या पाण्यावर आलेले साधे बंदी. त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. या माणसांना लिहा-वाचायला शिकवण्याचा उद्योग सावरकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभला. राजबंद्यांनी एकमेकांशी बोलणे हाही जेथे गुन्हा होता, त्या जागी. वरिष्ठांना संशय, आणि खुद्द शिकणाऱ्यांनाही त्यात गोडी नाही. या वयात शिकून कोणता कलेक्टर होणार, असे म्हणणारे तेथेही होते. पुढे निर्बंध थोडे सैल झाले तेव्हा राजबंद्यांकडे येणारी पुस्तके एकत्र करून ग्रंथालय उभे राहिले. पंजाबी, बंगाली, मराठी, मद्रासी अशा नाना प्रांतांतून आलेल्या बंद्यांना एकत्र आणील म्हणून नागरी लिपीतील हिंदीचा आग्रह धरला गेला.

येथे शिकवणारा सरकारने नेमलेला नव्हता. त्याच्या आणि विद्यार्थ्याच्या, दोघांच्याही गळ्यात बंद्याचाच बिल्ला होता. कैद्यांवर देखरेख करणारे वॉर्डर आणि पेटी ऑफिसरही त्या तुरुंगात बंद्यांमधूनच नेमले जात, आणि त्यांच्या क्रौर्याच्या कहाण्या प्रसिद्ध आहेत. म्हणजे बंद्यावर बंदी नेमायचा ही कल्पना ब्रिटिशांना परकी नव्हती. फक्त त्यांनी त्याच्या हाती दंडुका दिला. सावरकरांनी तीच कल्पना उलटी फिरवली.

शिक्षक आतच आहे

आजच्या कारागृहांपुढे अडचण सांगितली जाते ती शिक्षकांची. ती खरी आहे. शिक्षकाची पदे थोडी, त्यांतील रिकामी किती तरी. शिपाईच पुरेसे नाहीत तेथे गुरुजी कोठून येणार? पण उपरोक्त २०१९ च्या अहवालातच याचे अर्धे उत्तर आहे. त्या वर्षी कारागृहांत ३०,२०१ पदवीधर आणि ८,०८५ पदव्युत्तर शिक्षण घेतलेले बंदी होते. तंत्रशिक्षणाची पदविका असलेले ५,६७७ निराळेच. पदवीधर व पदव्युत्तर मिळून अडतीस हजारांवर होतात. निरक्षर सव्वा लाखाच्या थोडे वर. म्हणजे एका शिकलेल्या बंद्यामागे साडेतीन निरक्षर. कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेला हेवा वाटावा असे हे प्रमाण आहे!

अर्थात हा हिशेब कागदावरचा आहे. पदवीधर शहरांतल्या कारागृहांत अधिक सापडणार आणि निरक्षर इतरत्र. फसवणुकीच्या गुन्ह्यात आलेल्या प्रत्येक पदवीधराला बाराखडी शिकवता येईल असेही नाही. काहींच्या हाती दुसऱ्या कोणाचे मन सोपवणे धोक्याचेच ठरेल. तरीही निम्मे किंवा चौथा हिस्सा जरी वापरता आले तरी आजच्या शून्यवत स्थितीपेक्षा ते पुष्कळ आहे. आणि हे घडू शकते याला पुरावाही आहे. १९९३ ते १९९५ या काळात किरण बेदी तिहारच्या महानिरीक्षक होत्या. क्षमतेहून कितीतरी अधिक, नऊ हजारांच्या घरातील बंदी त्या वेळी तेथे होते आणि त्यांत बहुसंख्य न्यायाधीनच. तेथे एक साधी पद्धत सुरू झाली: जो शिकलेला आहे त्याने न शिकलेल्याला शिकवायचे. १९९४ मध्ये मुक्त विद्यापीठाचे केंद्र तेथे आले, त्याच वर्षी हजार बंद्यांचे विपश्यना शिबिरही झाले. प्रसिद्धी शिबिराला अधिक मिळाली. पण दैनंदिन व्यवस्था म्हणून पाहिले तर झाडाखाली, बराकीच्या ओट्यावर भरणारे ते वर्गच अधिक महत्त्वाचे होते. त्यांना इमारत लागली नाही, अंदाजपत्रकातील नवे शीर्षक लागले नाही.

कारागृह हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे केंद्राने कितीही आदर्श नियमावल्या केल्या तरी अंमल राज्याकडेच. १९१९-२० च्या भारतीय कारागृह समितीने अंदमानची वसाहत बंद करण्याची शिफारस करतानाच बंद्याच्या सुधारणेला महत्त्व दिले होते. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ साली तपशीलवार अहवाल दिला. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत तर बंद्यांच्या शिक्षणाला स्वतंत्र प्रकरणच आहे. शंभर वर्षांत शिफारशींचा तुटवडा कधीच नव्हता. एक साधी गोष्ट करता येईल. आज शिकणाऱ्याला सूट आहे, तशी शिकवणाऱ्यालाही ठरावीक आणि हक्काची असावी. एका वर्षात पाच निरक्षरांना वाचते-लिहिते केले, बाहेरच्या परीक्षकाने तपासले, तर इतके दिवस. असे स्पष्ट लिहिलेले असावे. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली सूट वशिल्याची वस्तू होते. न्यायाधीन बंद्याला सूट देता येणार नाही, पण शिकवण्याच्या कामाची मजुरी देता येईल. स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजणाऱ्याला मजुरी मिळते. चार माणसांना वाचायला शिकवणारा तिला पात्र का नसावा?

मजुरीचा काटा शिकणाऱ्यालाही बोचतो. कारखान्यात गेला तर शिक्षाबंद्याला दिवसाची मजुरी मिळते, वर्गात बसला तर सहसा नाही. ती तुटपुंजी असली तरी त्यातून घरी काही पाठवता येते. पोरांच्या वह्या-पुस्तकांसाठी पैसे पाठवायचे की स्वतः पाटी धरायची, अशी निवड बापापुढे ठेवली तर तो काय निवडणार? वर्गाचा तास हा कामाचाच तास मानला, तर हा पेच सुटतो. ब्राझीलने २०१२ पासून आपल्या संघीय कारागृहांत याहून पुढची वाट धरली. पुस्तक वाचून त्यावर निबंध लिहिणाऱ्या बंद्याला पुस्तकामागे चार दिवसांची सूट, वर्षाला जास्तीत जास्त बारा पुस्तके. तेथील कारागृहांची एकंदर अवस्था मुळीच अनुकरणीय नाही. पण चांगली कल्पना कोठूनही घ्यावी.

दोन आक्षेप

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सरळ मार्गाने चालणाऱ्या गरिबाच्या मुलाला शुल्काअभावी महाविद्यालय सोडावे लागते, आणि खुन्याला सरकार फुकट पदवी देऊन वर शिक्षेत सूटही देते, हा कोणता न्याय? ज्या घरातला कर्ता पुरुष कोणाच्या तरी सुऱ्याने गेला, त्या घरात अशा पदवीदानाची बातमी वाचली जाते तेव्हा काय वाटत असेल? सुधारणावादी लेखनात हे घर फारसे दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बंद्यांच्या मजुरीविषयी निर्णय देताना मजुरीचा काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला ठेवणारा कायदा करावा असे सुचवले होते. शिक्षणाबद्दलची सूटही या कर्तव्याशी जोडावी, असे म्हणण्यास जागा आहे. गंभीर गुन्ह्यांत पदवीसाठी सूट किती आणि कोणत्या अटींवर, यावर मतभेद राहतील, राहावेत.

साक्षरतेला मात्र हा आक्षेप लागूच होत नाही. तेथे प्रश्न मुख्यतः ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही अशा माणसाचा आहे. त्याला त्याच्याविरुद्धचे दोषारोपपत्र वाचता यावे, ही खैरात नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने आरोपातील गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद वगळता त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. तसा अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकांवर आहे. पण ज्याला आपले कलम वाचता येते, त्याची कमाल शिक्षा किती हे कळते आणि गेलेल्या दिवसांची बेरीज करता येते, तो अधीक्षकांना आठवण देऊ शकतो. जामीन मंजूर होऊनही सुमारे पाच हजार बंदी आतच असल्याचे विधी सेवा प्राधिकरणाच्या माहितीवरून जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्यामागे गरिबी हे मोठे कारण होते. जामीनदार मिळत नव्हते, जामिनाची रक्कम भरता येत नव्हती. पण अशा स्थितीत स्वतः दोन ओळींचा अर्ज लिहू शकणारा माणूस आणि कोणाच्या तरी येण्याची वाट पाहणारा माणूस यांच्यात फरक पडतोच.

दुसरा आक्षेप असा की शिक्षणाने माणूस सुधारतो हा भाबडेपणा आहे. बँका बुडवणारे आणि बॉम्ब तयार करणारे शिकलेलेच असतात. हेही खरे आहे. वर सांगितलेले अडतीस हजार पदवीधर आत आहेत, ते शाळेत गेले नव्हते म्हणून नव्हे. केवळ अक्षराने सद्वर्तन येत नाही. त्याला संस्कारांची, कामाच्या सवयीची आणि कोणाच्या तरी विश्वासाची जोड लागते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत १९३९ साली औंध संस्थानात उभी राहिली ती याच विश्वासावर. बंद्यांनी कुटुंबासह राहायचे, शेती कसायची, भोवती भिंत नाही. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यातूनच सुचला. कथा लिहिणारे गदिमा त्याच मुलुखातले. तरीही शिक्षणाचा परिणाम मोजता येत नाही असे नाही. अमेरिकेतील रँड संस्थेने २०१३ साली तेथील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कारागृहात शिकलेल्यांनी सुटकेनंतर पुन्हा कारागृहात येण्याची संभाव्यता न शिकलेल्यांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी आढळली, आणि शिक्षणावरील एका डॉलरच्या खर्चामागे पुढच्या कारावासाचे चार ते पाच डॉलर वाचतात असा हिशेब निघाला. शिकण्याची इच्छा असणाराच मुळात सुधारण्याची शक्यता अधिक, असे त्यावर म्हणता येईल. पण ती इच्छा असणाऱ्याला तरी वर्ग मिळावा की नाही?

स्त्री-बंद्यांची संख्या तुलनेने अल्प. म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग काढणे कारागृहांना परवडत नाही असे सांगितले जाते. २०१९ च्या अखेरीस १,५४३ स्त्रिया आपल्या १,७७९ मुलांसह आत होत्या. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते आणि त्याच्यासाठी पाळणाघर व बालवाडी असावी असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे. मूल अ-आ-इ गिरवते तेव्हा आईलाही त्याच पाटीवर बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हमखास वर्ग ठरेल. आई आपल्या मुलासमोर मागे राहू इच्छित नाही.

दर मंगळवारी दहा वाजता

बाहेरच्या समाजाचे काम येथे सुरू होते. सामाजिक संस्था कारागृहात जात नाहीत असे नाही. रक्षाबंधनाला राख्या जातात, दिवाळीला फराळ जातो, एखाद्या जयंतीला कीर्तन किंवा व्याख्यान होते. राखी बांधून घेताना भलेभले दांडगे बंदी रडतात, हे ज्यांनी पाहिले ते विसरत नाहीत. त्या अश्रूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण राखी वर्षातून एकदा बांधली जाते. वाचायला शिकवायचे तर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला कोणीतरी दारावर हजर असावे लागते. पावसात, लग्नसराईत, निवडणुकीच्या धामधुमीतही. झडती द्यावी लागते, भ्रमणध्वनी दारात ठेवावा लागतो, कधी गडबडीमुळे आत सोडलेच जात नाही आणि परतावे लागते. या कामाला छायाचित्र नाही. निवृत्त शिक्षकांची प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मोठी संख्या आहे. त्यांच्यातील दोन-चार जणांनी हे व्रत घेतले आणि आतल्या पदवीधरांना शिकवायचे कसे एवढे शिकवले, तर प्रत्यक्ष वर्ग रोज आतलेच चालवू शकतील.

सरकारी चौकटही हाताशी आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', स्वयंसेवकांच्या बळावरच चालवण्याचा आहे आणि त्याची मुदत २०२७ पर्यंत आहे. काही राज्यांत कारागृहांतील बंदीही त्याच्या परीक्षेला बसले आहेत. शिक्षण विभागाकडे पुस्तिका आहेत, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे; कारागृहाकडे विद्यार्थी आहेत आणि रिकामा दिवस आहे. दोन विभागांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसावे, एवढेच राहते, आणि सरकारी कामात नेमके तेच सर्वांत अवघड असते. प्रमाणपत्रावर कारागृहाचे नाव छापले जाणार नाही, ही काळजी मात्र आधीच घ्यावी लागेल. बाहेर पडलेल्या माणसाला काम मिळण्यात चारित्र्य पडताळणीचा अडसर आधीच पुरेसा आहे.

न्यायाधीन बंदी अर्ध्यावर सुटतो किंवा त्याची दुसऱ्या कारागृहात बदली होते, मग शिकवणे वाया जाते, अशी तक्रार अधिकारी करतात. यावर उपाय फार मोठा नाही. बंदी एका कारागृहातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याचे हिस्ट्री तिकीट त्याच्यासोबत जाते. त्यावर गुन्हा, कलम, शिक्षा, वर्तन, आजार, सर्व असते. त्याच तिकिटावर आणखी एक रकाना आखावा आणि वाचनाच्या पुस्तिकेचा कितवा धडा झाला ते त्यात लिहावे. नव्या कारागृहात त्याला पुढच्या धड्यापासून बसवता येईल. सुटला तर पुस्तिका त्याच्या कपड्यांच्या गाठोड्यात द्यावी, आणि उरलेले धडे त्याच्या गावी कोणाकडे पुरे करायचे, तो पत्ता तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.